मानवी तस्करीवरचं नाटक: मारहाणीचा प्रवेश ठेवावा की काढावा?

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी गट मानवी तस्करीवर पाऊण तासाचं नाटक करतो. पाच नट, एक बाक, एक ट्रंक आणि एक वही, एवढंच सामान. त्यामुळे शाळेचं सभागृह असो की कारखान्याची कँटीन, कुठंही उभं राहतं. चौदा प्रयोग झाले. पंधराव्याच्या तोंडावर गटात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिल्या संहितेत शेवटची वीस मिनिटं कोंडणं, मारणं आणि रडणं होतं. लाल प्रकाश, विंगेतून पट्ट्याचा आवाज, मुलीची किंकाळी. लोक हुंदके देऊन रडायचे आणि आम्हाला वाटायचं, प्रयोग रंगला. सहाव्या प्रयोगानंतर मी ट्रंक आवरत होते. एक बाई आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "फार अंगावर आलं हो. कसली राक्षसं असतात! बरं आहे, आमच्या ओळखीत असलं कुणी नाही." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अगदी मनापासून बोलत होत्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आमच्या नाटकातली मुलगी ओळखीच्याच माणसाबरोबर जाते. पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही ते दाखवलेलं होतं आणि पुढच्या वीस मिनिटांच्या मारहाणीनं आम्हीच ते पुसून टाकलं होतं. प्रेक्षक घरी जाताना राक्षस घेऊन गेले. घेऊन जायला हवी होती ती 'ताई'.

ताई म्हणजे आमच्या नाटकातली शेजारीण. आधी स्वतः कामाला बाहेर गेलेली, चांगले कपडे घालून परत आलेली. नव्या संहितेत पहिले तीन प्रवेश ती फक्त भलं करते. मुलीची फी भरते, तिच्या आईजवळ दवाखान्यात रात्रभर बसते. मग निघायच्या दिवशी म्हणते, "ओळखपत्र दे इकडे. प्रवासात हरवशील, माझ्याकडे राहू दे." कार्ड घेते, ओढणीनं पुसते, पर्समध्ये टाकते, चेन ओढते. बस, इतकंच. या एका कृतीवर आम्ही तीन तालमी घालवल्या. नटी सुरुवातीला ते कार्ड हिसकावायची. शेवटी मी तिला म्हटलं, लहान मुलाच्या हातातली पाण्याची बाटली आपण कशी घेतो, तसं घे. आता ती तसंच घेते आणि शांततेत फक्त चेनचा आवाज येतो.

दुसऱ्या भागात मारहाण नाही, वही आहे. मुलगी पगार मागते. मालक आवाज न चढवता वही उघडून वाचतो: प्रवास, राहणं, गणवेश, औषध, आजारपणाचे तीन दिवस, वरचं व्याज. "अजून तुझ्याकडूनच येणं निघतंय बघ." प्रत्येक प्रवेशात वही जाड होत जाते. शेवटी तिला घरी फोन लावून देतात. ताई शेजारी बसलेली. आई विचारते, "बरी आहेस ना?" ती म्हणते, "हो." अंधार.

पुढच्या काही प्रयोगांचा खर्च उचलणाऱ्या एका संस्थेच्या लोकांनी तालीम पाहिली. म्हणाले, अंगावर येत नाही, मारहाण परत घाला, लोक रडले पाहिजेत. अर्धा गट त्यांच्या बाजूनं आहे. मला पटत नाही, पण हा माझा हट्ट तर नाही ना? मार काढून टाकला म्हणजे जे घडतं ते मी सौम्य करून दाखवतेय का? स्पष्ट सांगा.

भिंगरी

ओढणीनं कार्ड पुसते, हे वाचूनच काटा आला. काढू नका काही.

नेपथ्यवाला

माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो. पट्ट्याचा आवाज आला की प्रेक्षक मान खाली घालतो आणि प्रवेश संपायची वाट बघतो. तेवढा वेळ तो नाटकात नसतोच. चेनच्या आवाजाला मात्र तो मान वर करतो, कारण हे काय चाललंय ते त्याला कळलेलं नसतं. प्रकाशयोजनेबद्दल एक सुचवतो: लाल पूर्ण काढा. वहीचा प्रवेश साध्या पिवळ्या उजेडात करा, घरातल्यासारख्या.

रानवाट

मी उलट बाजूनं बोलतो, राग मानू नका.

संस्थेचं म्हणणं मला सगळंच चुकीचं वाटत नाही. खरोखर मार खाल्लेल्या, कोंडून ठेवलेल्या, बलात्कार सोसलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. ती वही आणि चेनवर भागवली, तर त्यांच्यावर अन्याय होतो. तुमचं वर्णन वाचून मला क्षणभर वाटलं, हे नोकरीत फसवणूक झाल्याचं नाटक आहे. पगार बुडवणारे मालक पुष्कळ असतात. मग तस्करी वेगळी कशी? प्रेक्षकानं हा प्रश्न विचारला तर त्याला नाटकात उत्तर मिळायला हवं. आणि रडण्याला इतकं कमी का लेखता? रडलेला माणूस विसरत नाही.

साक्षांकित

रानवाट, प्रश्न नेमका आहे. त्याचं उत्तर व्याख्येतच सापडतं, म्हणून थोडं कायद्याचं लिहितो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १५ नोव्हेंबर २००० रोजी एक करार स्वीकारला, तो पालेर्मो करार म्हणून ओळखला जातो. २५ डिसेंबर २००३ पासून तो लागू आहे. त्यात तस्करीचे तीन भाग आहेत. एक कृती: माणसाला भरती करणं, नेणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं, ठेवून घेणं. दुसरा मार्ग. तिसरा हेतू, म्हणजे शोषण: देहविक्रय, सक्तीची मजुरी, गुलामी, अवयव काढणं वगैरे. मार्गांच्या यादीत बळजबरी आणि अपहरण आहेच. पण त्याच ओळीत फसवणूक आहे, आणि समोरच्याच्या अगतिकतेचा गैरफायदा घेणंही आहे. आईच्या दवाखान्यात रात्रभर बसून मिळवलेला विश्वास कुठं बसतो, ते बघा.

दुसरी गोष्ट, असे मार्ग वापरले असतील तर त्या माणसाची संमती धरली जात नाही. "तिनं स्वतः सही केली" हे उत्तर चालत नाही. आणि व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर मार्ग सिद्ध करण्याचीही गरज नाही, शोषणासाठी नेलं एवढं पुरे.

आणखी एक. 'तस्करी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं रात्री सीमा ओलांडणारा ट्रक येतो. पैसे घेऊन माणसांना चोरून सीमेपार नेणं हा वेगळा गुन्हा, त्याचा करारही वेगळा. तस्करीसाठी सीमा लागतच नाही. शेजारच्या गल्लीतही ती होऊ शकते. नाटकात ट्रक नाही, हे बरं आहे.

पगार बुडवणाऱ्या मालकाकडून माणूस चिडून का होईना, निघून जाऊ शकतो. तुमच्या मुलीला जाता येत नाही. 'का जाता येत नाही' ते नीट दिसलं पाहिजे. तिथं रानवाट यांच्याशी मी सहमत आहे.

उंबरठा

मी नऊ वर्षं सुटका झालेल्या मुली आणि बायकांच्या निवारागृहात समुपदेशक होते. कुणाही एकीची गोष्ट सांगणार नाही, पुन्हापुन्हा दिसलेलं तेवढं सांगते.

मार हा त्यांच्या बोलण्यात फार उशिरा येतो. आधी येतं ते, "मीच हो म्हणाले होते." मग, "कुठल्या तोंडानं परत जाऊ?" घरी पैसे पाठवेन असं सांगून निघालेली पोर रिकाम्या हातानं दारात कशी उभी राहील, या एका विचारानं पाय बांधले जातात. कुलूप लागतं ते सुरुवातीच्या दिवसांत. नंतर कर्ज पुरतं, लाज पुरते, आणि "तुझ्या धाकट्या बहिणीची शाळा मला माहीत आहे" हे एक वाक्य पुरतं.

रानवाट, हिंसा लपवू नये हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण ती दाखवायला पट्टा लागत नाही. आमच्याकडे आलेल्या कितीतरी जणी पहिले काही महिने विचारायच्या, "पाणी पिऊ का?" माठ समोर, पेला समोर, कुणी अडवणारं नाही. तरी विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत हात पुढे करायच्या नाहीत. एखादीला आम्ही सांगायचो, अगं विचारायचं नाही आता. ती "बरं" म्हणायची आणि दुपारी परत विचारायची.

तिसरी घंटा, हे तुमच्या वहीच्या प्रवेशात घाला. मुलगी पगार मागायच्या आधी एकदा पाणी मागते आणि मालक वहीतून मान वर न करता तिला थांबवून ठेवतो. वही वाचून होईपर्यंत ती तशीच उभी. मागं काय काय झालं असेल ते प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही.

दोन विनंत्याही आहेत. सुटून आलेल्या कुणाला प्रयोगानंतर मंचावर बोलवून "तुमचा अनुभव सांगा" असं करू नका. त्या हो म्हणतात, कारण नाही म्हणायची सवय त्यांची मोडलेली असते. आणि सुरू होण्याआधी विषय स्पष्ट सांगा, दार उघडं ठेवा, बाहेर ऐकून घेणारं एक माणूस बसवा. प्रेक्षकांत कोण बसलंय ते आपल्याला कधीच माहीत नसतं.

रानवाट

उंबरठाताई, "पाणी पिऊ का?" वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हा प्रवेश असेल तर माझी हरकत मी मागे घेतो. माझी मागणी मार दिसावा अशी नव्हतीच, तिला झालेली इजा दिसावी अशी होती. हे मला आत्ता नीट शब्दांत मांडता येतंय.

दगडी पाटी

चर्चा छान चालली आहे, पण सगळेजण 'मुलगी' म्हणूनच बोलताहेत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं इतर दोन संस्थांबरोबर २०२२ मध्ये २०२१ सालाचे अंदाज प्रसिद्ध केले. सक्तीच्या मजुरीत २ कोटी ७६ लाख माणसं. त्यांत बायका आणि मुली १ कोटी १८ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त पुरुष आणि मुलगे. सक्तीच्या देहविक्रयात ६३ लाख. बाकीची बहुतेक माणसं शेतात, बांधकामावर, मासेमारीच्या बोटींवर, कारखान्यांत आणि लोकांच्या घरांत राबतात. हा आकडा सक्तीच्या मजुरीचा आहे, त्यातला प्रत्येक जण तस्करीतूनच आला असं नाही, पण चित्र कळतं. पुरुषाला "तुझी तस्करी झाली" असं म्हटलं तर तो स्वतःच ते मान्य करत नाही. "ठेकेदारानं फसवलं" एवढंच म्हणतो.

नवा प्रकार तर शिकलेल्यांचा आहे. संगणकावरच्या कामाची जाहिरात, मुलाखत, विमानाचं तिकीट, आणि तिथे पोचल्यावर पासपोर्ट जमा. मग कुंपणाच्या आत बसून अनोळखी लोकांना ऑनलाइन लुबाडायचं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं होतं की म्यानमारमध्ये निदान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा कामाला जुंपलेली असावीत. यांतले बरेच पदवीधर. त्यांच्या वाट्याला दुहेरी संकट येतं, कारण सुटल्यावर त्यांनाच गुन्हेगार म्हणून धरलं जातं.

तुमची संहिता न बदलता मुलीच्या जागी मुलगा घेऊन एक प्रयोग करून बघा. ओळखपत्र, वही, फोन, काहीही बदलावं लागणार नाही.

तिसरी घंटा

दगडी पाटी, खरंच काही बदलावं लागत नाही! काल तालमीत मालकाचं काम करणाऱ्या मुलाला तिच्या जागी उभं केलं आणि तीच वाक्यं म्हणायला लावली. फक्त फोनवरच्या "हो"ला तो हसला. विचारलं तर म्हणाला, मुलगा घरी रडून दाखवत नाही. ते हसू ठेवणार आहोत.

उंबरठाताई, पाण्याचा प्रवेश केला. पेला बाकाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मधल्या तीन फुटांत कुणीच हललं नाही आणि तालमीला बसलेला सगळा गट गप्प झाला.

शेवटाचं मात्र अडलंय. "हो" आणि अंधार, यानंतर प्रेक्षक सुन्न होऊन निघून जातो. त्यानं काय करावं हे नाटक सांगत नाही.

चौथी भिंत

मग अंधार करूच नका. तिथून पुढचं नाटक प्रेक्षकांना करू द्या.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी ही पद्धत घडवली. प्रवेश एकदा पूर्ण करायचा, मग तोच परत सुरू करायचा. वाटेल तिथं प्रेक्षकानं "थांबा" म्हणायचं, मंचावर यायचं आणि पात्राच्या जागी उभं राहून वेगळं काही करून बघायचं. बाकीचे नट आपापल्या भूमिकेत राहून त्याला खरा विरोध करतात. याचं मूळ ते १९७३ मधल्या पेरूतल्या कामात सांगत. एक बाई नटांना सुचवत होती की बायकोनं नवऱ्याशी कसं बोलावं. नट करून दाखवायचे, तिला पटायचं नाही. शेवटी तीच मंचावर चढली आणि करून दाखवलं.

पण बोआल यांचीच दुसरी आठवण आधी गटाला सांगा. तरुणपणी ते खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना लढा द्यायला सांगणारी नाटकं करत, नटांच्या हातांत बंदुका असत. एकदा एक शेतकरी म्हणाला, चला तर मग, आमच्याबरोबर बंदुका घेऊन जमीनदाराशी लढायला. यांना सांगावं लागलं की बंदुका खोट्या आहेत. शेतकरी म्हणाला, बंदुका खोट्या असतील पण तुम्ही तर खरे आहात, तुम्ही या, बंदुका आम्ही देतो. तेव्हा त्यांना कळलं की जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगत होतो. मंचावरून कोंडलेल्या मुलीला "पळ, धीर धर" म्हणणं त्याच जातीचं आहे.

उंबरठा

चौथी भिंत, अगदी हेच. म्हणून प्रेक्षकाला मुलीच्या जागी उभं करू नका. तिच्या हातात त्या वेळी जवळजवळ काही नसतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला उभं करा, आईच्या जागी. सभागृहातला प्रत्येकजण कधी ना कधी त्या टोकाला असणार आहे.

साक्षांकित

उत्तम. त्या टोकाच्या माणसानं काय विचारावं ते सूत्रधाराला पाठ असू द्या. ज्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर पुरेल असे प्रश्न: कागदपत्रं तुझ्याजवळ आहेत का, शेजारी कुणी आहे का, एकटी बाहेर जाता येतं का. निघण्याआधी घरच्यांनी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, हेही सांगा. ओळखपत्राची प्रत आणि कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता घरी असावा.

आणि ज्या मदतवाहिनीचा नंबर मंचावरून सांगणार, तिथे प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्वतः फोन लावा. कुणी उचलतं का, कोणत्या भाषेत बोलतं, रात्री चालू असतं का. न उचलला जाणारा नंबर देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट.

तिसरी घंटा

मंडळी, पंधरावा प्रयोग काल झाला.

आधी संस्थेचं सांगते. नवी तालीम पाहून त्यांनी "रडू येत नाही" हेच पुन्हा सांगितलं आणि पुढच्या प्रयोगांचा खर्च थांबवला. वाईट वाटलं, पण मारहाण परत घातली नाही. कालचा प्रयोग आम्ही आमच्या वर्गणीतून केला.

फोनचा प्रवेश दुसऱ्यांदा सुरू केला तेव्हा आधी एक गृहस्थ आले. चांगला माणूस, तळमळीनं आलेला. फोन कानाला लावून ओरडलेच, "पत्ता सांग, मी येतो तुला घ्यायला!" आमच्या ताईनं मुलीच्या हातातून फोन घेतला, गोड आवाजात "रेंज नाही हो इकडे" म्हणाली आणि बंद केला. गृहस्थ रिकामा हात कानाशी धरून तसेच उभे राहिले.

मग शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली, पंधरा-सोळा वर्षांची. आवाज चढवला नाही. आधी घरचं काहीबाही बोलली, धाकट्याचा अभ्यास, आजीचे गुडघे. ताई सैलावून बसली. मग त्याच सुरात,

"ताई शेजारीच बसलीय का?"

"हो."

"तुझं कार्ड तुझ्याकडे आहे?"

"नाही."

"पोटभर झोपतेस का?"

आमची नटी थांबली. हा प्रश्न तालमीत नव्हता. बऱ्याच वेळानं "नाही" म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

"बरं," ती मुलगी म्हणाली, "उद्या याच वेळी करते." फोन ठेवला आणि सूत्रधाराकडे वळून विचारलं, "आता मी कुणाला फोन करायचा?"

नंबर आम्ही आदल्या दिवशी लावून बघितला होता. पहिला लागला नाही, दुसऱ्यावर एका बाईंनी उचलला आणि नीट बोलल्या. तोच सांगितला. ती मुलगी म्हणाली, लिहून द्या. तिच्यामागं आणखी लोक आले, त्या गृहस्थांसकट. कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून हिशेबाच्या वहीची पानं फाडून त्यावर लिहून दिला. शनिवारी सोळावा प्रयोग आहे, त्याआधी नवी वही आणायची आहे.